कोठीच्या खोलीतून बाहेर

नाना,

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नाही, आज वाटतंय. माझ्या वर्गातल्या एका पोरीने आज माझा हात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "बाई, तुमना हातवर चुना सांडना का?" मी हसले आणि म्हणाले, "हो गं, सांडला." तिने माझ्याच पदराने पुसून पाहिलं. निघाला नाही तेव्हा ती पाटीकडे वळली.

तो डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आधी मनगटावर, मग ओठाच्या कडेला. तुम्ही भडगावच्या शाळेत मास्तर, माझ्या पाठीवर दोन बहिणी. महारोग म्हणून बोभाटा झाला असता तर त्यांना कोणी दारात उभं केलं नसतं. मला मामाच्या गावी पाठवलं असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, आणि महिन्याभराने तिथे मी तापाने गेले असं सांगितलंत. मी स्वयंपाकघरामागच्या धान्याच्या कोठीत होते. लोक दारावर आले, सांत्वनाला. भिंतीपलीकडे शेजारच्या बाया माझ्यासाठी रडत होत्या आणि आई त्यांच्यापेक्षा मोठ्याने रडत होती. तिचं रडणं खोटं नव्हतं, एवढं मला त्या वयातही कळलं.

अकरा वर्षं मी त्या कोठीत काढली. तुम्ही शाळेतून आलात की ज्वारीच्या पोत्यावर बसून मला शिकवायचात. गणित, व्याकरण, जिल्ह्याचा नकाशा. बाजारात काय झालं, गिरणेला किती पाणी आलं, सगळं हळू आवाजात सांगायचात. एकदा धाकटीला पाहायला पाहुणे आले होते आणि मी नकळत गुणगुणत बसले. ते गेल्यावर तुम्ही आत आलात. "मेलेलं माणूस गातं का?" एवढंच म्हणालात. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, हे आईने नंतर सांगितलं. मी पुन्हा कधी गायले नाही. अजूनही गात नाही.

दोघी बहिणींची लग्नं झाली आणि एका पहाटे तुम्ही दार उघडून म्हणालात, "चल, पोरी." आई उंबऱ्याशी उभी होती. बैलगाडी गावाबाहेर आली आणि उजाडलं. अकरा वर्षं माझी नजर चार हातांवरच्या भिंतीला जाऊन थांबत होती. इथे कपाशीची शेतं संपतच नव्हती. नजर टेकायला काही नाही. मी गाडीची दांडी घट्ट धरून खाली पाहत बसले. तुम्ही म्हणालात, "बघ, गिरणा." मी मान वर केली. तुमच्या बोलण्यातली गिरणा गर्जत असायची. ही वाळूतून बारीक धारेने चालली होती, दोन म्हशी तिच्यात बसल्या होत्या. मी डोळे मिटून घेतले. मी रडतेय असं तुम्हाला वाटलं, आणि तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात.

चाळीसगावच्या स्टेशनवर माणसं चालत आली की ती अंगावरच येतायत असं वाटून मी मागे सरत होते. वीस वर्षांची बाई मी, तुमच्या धोतराचा सोगा मुठीत धरून उभी. "सोड," तुम्ही हळूच म्हणालात, "लोक बघतात." मी सोडला. धुळ्यात तुमच्या ओळखीच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या हाती मला देऊन तुम्ही परतीच्या गाडीने निघून गेलात. त्यांनी मला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हात पाहिला आणि म्हणाले, "हे नुसतं कोड आहे. लागट नाही." तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं, हे मी तुम्हाला विचारलं नाही. तुमची कार्डं यायची, पण त्यांत 'चिरंजीव' नसायचं. कार्ड कोणीही वाचतं.

पहिलीचा वर्ग मिळाला, राहायला खोली मिळाली. रस्ता ओलांडायला शिकले, भाव करायला शिकले. कोणी वाईट वागलं नाही, नाना. फक्त हळदीकुंकवाला बोलावणं येत नसे, आणि शाळेत डबा खाताना माझ्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहायची. रविवारी दिवसभरात एक शब्द बोलायची वेळ येत नसे. कोठीत निदान तुमची वाट पाहायची असायची.

तुम्ही गेल्याचं बहिणीने कळवलं. मी भडगावला गेले. ओसरीवर बायकांचा घोळका होता. आईने मला पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "धुळ्याच्या बाई आहेत, ह्यांच्या ओळखीच्या. बसा बाई." तिने पाण्याचा तांब्या दिला. तो घेतल्यावरही तिची बोटं माझ्या बोटांवरून लवकर निघाली नाहीत. शेजारची एक म्हातारी मला सांगत होती, "मास्तरनी मोठी पोर लहानपनमाच गई, बाई. आज ऱ्हाती ते तुमनाच एवढी व्हती." मी मान डोलावली. घटकाभर बसले, दारावर आलेली परकी बाई जेवढं बसते तेवढं, आणि उठले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. परतताना धुळ्याच्या गाडीत समोर एक अनोळखी बाई होती. नंदुरबारकडची असावी. तिने भाकरीचं फडकं सोडलं, अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली, माझ्या डागांकडे पाहिलंसुद्धा नाही. माझे डोळे पाहून तिने विचारलं, "कोण गेलं, बाई?" तिथे भडगावचं कोणी नव्हतं. बहिणींची लग्नं कधीच झाली होती. खरं सांगितलं असतं तर कोणाचं काही बिघडणार नव्हतं. मी म्हणाले, "ओळखीचे होते."