चार सेकंदांत अख्खी फिल्म

३ मार्च
स्टुडिओत सर्व्हर आला. धाकट्या भावाची कल्पना. स्टुडिओ त्याच्या नावावर आहे, म्हणून त्याला कल्पना सुचतात. आता एडिटिंग, साउंड, कलर, सगळ्या खोल्यांतल्या वायरी त्या एका पेटीकडे जाणार आणि सगळे एकाच फुटेजवर काम करणार. माझ्या कपाटातल्या चौदा हार्ड डिस्क, त्यांवरची माझ्या अक्षरातली लेबलं, सगळं निवृत्त. कपाटाची किल्ली हसतमुखानं दिली. बावीस वर्षं एडिटर आहे, बदलाला कधी घाबरलो नाही. संकल्प: सहकार्य.

४ मार्च
सर्व्हरवाल्याचं दोन तासांचं ट्रेनिंग. मला गरज नव्हती, तरी शेवटची दहा मिनिटं बसलो. पासवर्ड मिळाला. चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवला. शिस्त म्हणजे शिस्त.

९ मार्च
दीपगृहाची फिल्म. तिचा जीव म्हणजे म्हातारा राखणदार. एकोणचाळीस वर्षं त्यानं दिवा सांभाळला. चाळीस मिनिटांची मुलाखत दिली आणि महिन्याभरात गेला. चेहरा असा, की कट मारायला हात धजत नाही.
अकराला साउंडवाली आली. तिला आम्ही कानसेन म्हणतो. म्हणाली, दादा, तिसऱ्या सीनमध्ये आजोबांचा श्वास अर्धा कापलाय. मी तो सीन अजून कोणाला दाखवलाच नव्हता. विचारलं, तर म्हणे सर्व्हरवर दिसतोय की. अकरा वर्षं ही बाई बोलावल्याशिवाय माझ्या खोलीत आली नाही. आता भिंतीतून येते.
श्वास कापलेलाच होता. तो मुद्दा नाही.

१२ मार्च
उपाय सापडला. फिल्म गुपचूप माझ्याकडे उरलेल्या एका जुन्या डिस्कवर कॉपी केली. चाळीस तासांचं फुटेज, चार सेकंदांत. डिस्क अजून तरुण आहे. अस्सल फिल्म आता माझ्या ड्रॉवरमध्ये. सर्व्हरवर नुसती सावली. बायको म्हणाली, चार सेकंदांत तुमच्याच्यानं दाराला कुलूपसुद्धा लागत नाही. दुर्लक्ष केलं.

१७ मार्च
भावाचा निरोप: सर्व्हर भरत आलाय, नको ते काढा. सगळ्यांत जड राखणदाराची मुलाखत. माझ्याकडे अस्सल आहेच, म्हणून सर्व्हरवरची पुसली. यंत्रानं दोनदा विचारलं, नक्की का. मला दोनदा विचारलेलं आवडत नाही.

२१ मार्च
घात. ड्रॉवरमधली फिल्म उघडली, तर मुलाखतीच्या जागी लाल पडदा. फाइल सापडत नाही म्हणे. म्हणजे कोणीतरी माझ्या ड्रॉवरपर्यंत पोचलंय. माझ्या कामात आधी कोणी नाक खुपसलं होतं? इथे नाव लिहीत नाही. भावाला मात्र नाव घेऊन सांगितलं.
दिग्दर्शिकेला फोन केला. कॅमेऱ्याची कार्डं तिनं पुसून दुसऱ्या कामाला वापरलीत. सर्व्हरवर आहे म्हणून निर्धास्त होती.
सर्व्हरवाला बघतो म्हणाला. मी हात लावू दिला नाही. पुरावा आहे तो. भावानंही माझंच ऐकलं. शेवटी थोरला मी आहे.

२२ मार्च
कानसेननं कॉफी आणून ठेवली. विचारलं, दादा, माझं काही चुकलं का? म्हटलं, ज्याचं त्याला माहीत. ती उभी राहिली थोडी, मग गेली. कॉफी प्यायलो नाही.
बायको म्हणते, तुमच्या ऑपरेशनच्या वेळी चार दिवस हॉस्पिटलात माझ्याबरोबर कोण बसलं होतं? म्हटलं, ते सर्व्हर यायच्या आधीचं.

२४ मार्च
भावाला मीटिंग सकाळी नऊला हवी होती. मी दुपारी तीनची लावली. सगळे हजर हवेत, सगळ्यांसमोर पितळ उघडं पडायला हवं. सर्व्हर प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतो: कोणी काय उघडलं, कोणी काय पुसलं. मीच सर्व्हरवाल्याला म्हटलं, मोठ्यानं वाच.
त्यानं वाचलं. सतरा मार्च, सकाळी अकरा बेचाळीस. माझं नाव.
म्हटलं, पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला आहे, कोणीही बसलं असेल. पण कलरवाला त्या दिवशी सुटीवर. कानसेन बाहेरगावी रेकॉर्डिंगला.
मग त्यानं माझी डिस्क लावली. तिच्यात फुटेज नव्हतंच. कुठला शॉट कुठे लावायचा, एवढी यादी फक्त. शॉट सगळे सर्व्हरवरच.
शेवटचं त्यानं हळू सांगितलं. पुसलेली फाइल सर्व्हर सात दिवस बाजूला ठेवतो, मागितली तर परत देतो. सात दिवस आज सकाळी अकरा बेचाळीसला भरले. हे ट्रेनिंगच्या पहिल्या तासात सांगितलं होतं म्हणे.
भाऊ फरशीकडे बघत होता. माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. बावीस वर्षं ज्यांच्यात काढली, त्यांतलं एक माणूस माझ्या बाजूनं बोललं नाही.

२६ मार्च
आवाज वाचलाय. श्वास दुरुस्त करायचा म्हणून कानसेननं मुलाखतीचा आवाज स्वतःच्या मशीनवर उतरवून घेतला होता. आता दिग्दर्शिका आणि ती, दोघी मिळून त्या आवाजावर रिकाम्या जिन्याचे, काचांचे, पाण्याचे शॉट लावताहेत.
सर्व्हरवर मला नवा दर्जा मिळाला: सगळं पाहता येतं, काहीच बदलता येत नाही. एक प्रकारे देखरेखच.
कानसेनला माफ करायचं ठरवलं. चार वाजता तिच्या दाराशी गेलो. म्हणाली, काही हवं होतं का, सर? म्हटलं, नाही, सहज.
अकरा वर्षं दादा होतो.

२ एप्रिल
राखणदाराची मुलगी फिल्म बघायला आली. पन्नाशीची बाई, दोन बस बदलून आलेली. पडद्यासमोर अगदी पुढे बसली. पंधरा मिनिटांनी हळूच विचारलं, बाबा कधी दिसतील?
दिग्दर्शिकेनं भावाकडे पाहिलं. भावानं पडद्याकडे. मी दीड पान लिहून नेलं होतं. तंत्रज्ञानाच्या मर्यादा, सर्व्हरची सदोष रचना वगैरे.
म्हणालो, ते दिसणार नाहीत. मुलाखत मी पुसली. दुसऱ्या कोणी नाही.
ती रागावली नाही. रागावली असती तर उत्तर देता आलं असतं. तिनं चष्मा काढला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, मग पहिल्यापासून लावा. नुसतं ऐकते.