प्रार्थनेत घेतलेलं नाव

प्रिय अभय,

तुझा काल रात्रीचा व्हॉइस मेसेज सकाळी ऑफिसला जाताना ऐकला आणि परत येताना पुन्हा ऐकला. उत्तर फोनवर देता आलं असतं, पण फोनवर तू बोलतोस आणि मी हूं हूं करत राहते. तुझं बोलणं संपतं तेव्हा माझं म्हणणं काय होतं हेच मला आठवत नाही. म्हणून लिहिते आहे. लिहिताना मधे कुणी बोलत नाही.

आधी घरचं. आप्पांचा गुडघा आता बरा आहे, म्हणजे ते तसं सांगतात. मार्केट यार्डात आंब्याची आवक सुरू झाल्यापासून त्यांना घरी बसवत नाही. पाठीवर पेटी घ्यायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून गाळ्यावर बसून ते इतरांनी पेट्या कशा घ्याव्यात ते सांगतात. सगळे हमाल वैतागलेत म्हणे. आईला महिला मंडळाने या वर्षी खजिनदार केलंय, तेव्हापासून ती घरातसुद्धा जरा हळू आणि वजनदार बोलते. माझं विम्याच्या ऑफिसातलं काम कायम झालं. आपल्या गल्लीत पदवी घेतलेली मी पहिली, म्हणून सगळे अजून माझ्याकडून रेशन कार्डापासून जावयाच्या कोर्टाच्या तारखेपर्यंत सगळं वाचून घेतात. मला आवडतं ते. शिकल्याचा कुणाला उपयोग होतो याचा आनंद अजून गेलेला नाही.

तुझे लेख तरुण संघाच्या ग्रुपवर येतात ते मी सगळे वाचते. संदेष्ट्याला सोसावं लागतं, ते त्याच्या पाचारणातच असतं, हे तू फार चांगलं मांडतोस. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याला विहिरीत टाकलं, तळाशी पाणी नव्हतं, नुसता चिखल होता, त्यात तो रुतला, हा भाग तर आईने मोठ्याने वाचून शेजारच्या दोघींना ऐकवला. जालन्याच्या पलीकडे बदलीच्या गावी त्या पत्र्याच्या घरात उन्हाळा काढणं सोपं नाही हे आम्हाला कळतं. शेवटी तू लिहिलं होतंस की मीही आज विहिरीत आहे आणि आनंदात आहे. आई डोळे पुसत होती. आप्पा चहा पितापिता म्हणाले, “विहिरीत नेटवर्क चांगलं दिसतंय.” आई त्यांच्यावर इतकी चिडली की रात्री भाजीत मीठ नव्हतं. पण मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जरा भीतीही वाटली.

मागच्या हिवाळ्यातला तुझा गुरुवारचा अभ्यासवर्ग मला आठवतो. तोपर्यंत संदेष्टे म्हणजे संडे स्कूलच्या भिंतीवरचे दाढीवाले आजोबा, एवढंच मला माहीत होतं. यिर्मया देवाशी भांडतो, तू मला फसवलंस म्हणतो, आपल्या जन्माच्या दिवसाला शिव्या देतो, हे तू वाचून दाखवलंस तेव्हा मी थक्क झाले होते. असं देवाला बोलता येतं? त्याला लग्न करू नको अशी आज्ञा होती हे तू सांगितलंस, तेव्हा आईने घरी येऊन मला विचारलं होतं की या मुलाला तसली काही आज्ञा आहे का ते आधी बघ. नंतर तुझ्याकडूनच मागणी आली. साखरपुड्यात आप्पा सगळ्यांना सांगत होते, “आज्ञा नाहीये, आम्ही चौकशी केली.” खरं बोलणारा माणूस मला मिळाला, असं तेव्हा वाटलं होतं. अजूनही वाटतं. म्हणूनच पुढचं लिहिते आहे.

उपवासकाळातल्या त्या रविवारबद्दल आपण नीट कधी बोललोच नाही. पुढच्याच आठवड्यात तुझ्या बदलीचा कागद आला आणि मग सगळं बोलणं त्याच्याभोवतीच फिरत राहिलं. तुझा उपदेश चांगला होता. एक शब्दही खोटा नव्हता. देवाच्या घराच्या आवारात, लहान मुलांच्या वर्गाशेजारी, अधिकाराच्या खुर्चीत बसून कुणी एखाद्या बाईला त्रास देत असेल आणि आपण गप्प बसलो तर दगड बोलतील, असं तू म्हणालास. पुढच्या बाकावर आपल्या चर्चचे सेक्रेटरी दिग्विजय सर बसले होते. बालवाडीचा कारभार तेच पाहतात, तेव्हा कुणाबद्दल बोलणं चाललंय हे सगळ्यांना समजलं. मला अभिमान वाटला, अभय. मी ताठ बसले होते.

मग मध्यस्थीची प्रार्थना आली. आपल्याकडे आजाऱ्यांची, परीक्षेच्या मुलांची, गर्भार बायकांची नावं घेतात आणि ज्याचं नाव येतं त्याच्या शेजारचे त्याच्या डोक्यावर, खांद्यावर हात ठेवतात. लहानपणापासून आपण हे बघत आलो. आप्पा म्हणतात, बातमी पसरवायची असेल तर ती प्रार्थनेसाठी द्यावी. तू आधी तारकपूरच्या कुणा आजींचं नाव घेतलंस, मग आणखी दोघांचं. आणि मग म्हणालास, प्रभू, आमच्या बालवाडीतली बहीण रुपाली, जी या आवारात हा अन्याय सोसते आहे, तिला बळ दे.

मी डोळे उघडले. तुझे मिटलेले होते, म्हणून तुला दिसलं नाही. रुपाली खिडकीशेजारच्या बाकावर होती. तुझं वाक्य संपायच्या आत आजूबाजूच्या बायकांचे हात तिच्यावर आले. कुणाचा डोक्यावर, कुणाचा पाठीवर, मागच्या बाकावरून वाकून एकीने दंड धरला. प्रेमानेच. रुपालीने उठायचा प्रयत्न केला. मी बघितलं ते. तिचे खांदे एकदा वर आले आणि हातांखाली परत खाली गेले. सगळे हात तसेच राहिले, कारण तुझी प्रार्थना अजून चालू होती.

तिने तुला वेस्ट्रीत, चर्चमागच्या तुझ्या खोलीत, सांगितलं होतं तेव्हा काय म्हणाली होती ते तूच मला नंतर सांगितलंस. साहेब, मला थोडा वेळ द्या, आधी घरी सांगते. तू हे मला सांगितलंस ते तिच्या धीराचं कौतुक म्हणून. तिचं नाव का घेतलंस असं मी विचारलं तेव्हा तू म्हणालास की दिग्विजय सरांचं नाव घेतलं असतं तर बदनामीचा दावा झाला असता, पण प्रार्थनेवर कोण हरकत घेणार? ते मला तेव्हा पटलं होतं. आता कसं दिसतं ते लिहिते. त्या सकाळी ज्याने केलं त्याचं नाव कुणी घेतलं नाही. जिने सोसलं तिचं घेतलं.

तुझी बदली झाली. निरोपाला तरुण संघाने हार घातले, संघातला पियुष रडला, बायकांनी डबे दिले. रुपालीला चौकशी होईपर्यंत बालवाडीत येऊ नका म्हणून सांगितलं. चौकशीचा तेव्हा पत्ताही नव्हता. दुसऱ्या रविवारी उपासना सुटल्यावर चपला घालताघालता आपल्याच बायका बोलत होत्या. दार बंद होतं तर ओरडली का नाही? फोन यायचे तर उचलायचे कशाला? एक म्हणाली, तिच्यापायी चांगला पाळक गेला बघा. त्याच बायका हं, ज्यांचे हात तिच्या डोक्यावर होते. मी तिथे भांडले. आईने मला ओढत घरी आणलं.

मग मी वारज्याला रुपालीच्या घरी जायला लागले. स्वारगेटहून बस धरायची आणि तासभर उभं राहायचं. पहिल्या खेपेला तिच्या सासूनेच दारात उभं राहून सांगितलं, “आमच्या घरी कुणी आजारी नाही, प्रार्थनेला येऊ नका.” मी म्हटलं, मावशी, मी प्रार्थनेला नाही आले, पाणी प्यायला आलेय, उन्हाची आले ना. त्यावर त्यांना पाणी द्यावंच लागलं. रुपाली आतून आली आणि रिकामा पेला घेऊन परत गेली. पुढच्या खेपेला ती शेंगा सोलत होती, मीही बसले सोलायला. नवरा तिच्याशी बोलतो, पण बायबल उघडू देत नाही. म्हणतो, ते पुस्तक आणि ती माणसं आपल्याला नकोत. नंतर एकदा सासू बाजारात गेली होती तेव्हा तीच म्हणाली, “दीपा, सगळ्यांनी डोळे मिटले होते ना, तरी मला वाटत होतं सगळे माझ्याकडेच बघतायत.” मग म्हणाली, “मी जाणारच होते गं बिशपसाहेबांकडे. नवऱ्याला सांगायचं आणि जायचं, माझं ठरलं होतं. कोणती साडी नेसायची तेपण ठरलं होतं. पाळकसाहेबांनी घाई केली. आता ते माझं राहिलंच नाही, त्यांचंच झालं.” ती रागाने बोलली नाही. तुझी चौकशीही केली. तिकडे पाण्याचे हाल आहेत का, म्हणाली.

तेव्हापासून मी यिर्मया पुन्हा वाचते आहे, तुझ्या टिपणांशिवाय. तुझ्यासारखं शिक्षण मी घेतलेलं नाही, चुकत असेन तर सांग. पण विहिरीची गोष्ट चिखलावर संपत नाही. राजवाड्यातला तो परका नोकर, कूशी एबद-मलेख, दोर घेऊन येतो. दोर घ्यायच्या आधी तो भांडाराखाली जातो आणि जुनी फडकी, चिंध्या गोळा करतो. त्या खाली सोडतो आणि सांगतो, या काखेत धर, वर दोर घे, म्हणजे काचणार नाही. शहराला वेढा पडलाय, लोक उपाशी मरतायत, आणि हा माणूस दुसऱ्याच्या काखेचा विचार करतो. अभ्यासवर्गात आपण हे वाक्य वाचून पुढे गेलो होतो. एवढं मोठं भविष्य सांगणाऱ्या पुस्तकात चिंध्यांना जागा का दिली असेल?

आणखी एक. यिर्मयासमोर हनन्या उभा राहतो, तोही देवाच्या नावाने बोलतो, लोकांना आवडेल ते बोलतो, आणि त्याच वर्षी मरतो. म्हणजे भोगावं त्यालाही लागलंच. मग नुसत्या सोसण्यावरून कोण खरा आणि कोण खोटा हे कसं ठरवायचं? मला वाटतं, नाही ठरवता येत. बोलावणं येतं म्हणून सोसावं लागतं हे खरं असेल. पण सोसतोय म्हणजे सगळं बरोबरच केलं, असं उलटं चालत नाही. आणि विहिरीत टाकला गेला तो यिर्मया स्वतःच. त्याने आधी दुसऱ्या कुणाला खाली सोडून खोली मोजली नव्हती. हे कठोर झालं का? खोडणार होते, पण राहू देते.

यहेज्केल संदेष्ट्याच्या बायकोचं मात्र मला उत्तर सापडलेलं नाही. लोकांना खूण म्हणून ती एका संध्याकाळी मरते, आणि तिला काय वाटलं हे कुठेच लिहिलेलं नाही. तू म्हणशील, ते देवाने केलं, संदेष्ट्याने नाही. बरोबर. म्हणूनच ते मी देवाला विचारते आणि रुपालीचं तुला विचारते.

तू सत्य बोललास याबद्दल मला शंका नाही, आणि तुझ्याशी लग्न करायचं नाही असंही काही माझ्या मनात नाही. कार्तिकात म्हणतोस तर कार्तिकात. आप्पांनी हॉल बघून ठेवलाय. पाळकाची बायको म्हणून त्या पत्र्याच्या घरात राहायला मी तयार आहे, ऊन मला चालतं. पण माझं काही कुणासमोर सांगायचं असेल तर मला आधी विचारायचं, अगदी देवासमोर सांगायचं असलं तरी. देवाला ते माहीत असतं, अभय. प्रार्थना ऐकणारे बाकीचे असतात.

आता ज्यासाठी हे पत्र. चौकशी समिती या शनिवारी बसते आहे हे तुला पियुषने कळवलंय, आणि तू शुक्रवारी रात्रीच निघतो आहेस हे तुझ्या मेसेजमधून कळलं. तरुण संघाने गाड्या ठरवल्यात, तुझा फोटो असलेले फलक तयार आहेत, बिशपसाहेबांच्या कार्यालयाच्या फाटकापाशी गाणी म्हणायची आहेत. पण तुला एक गोष्ट पियुषने सांगितली नाही, कारण ती त्याला माहीत नाही. रुपाली येणार आहे. नवऱ्याला तिने स्वतः सांगितलं. तो गाडीवरून तिला आणून सोडणार आहे, आत येणार नाही. ती एकटी बोलणार आहे आणि मी तिच्या शेजारी बसणार आहे, नुसती. तिने एकच अट घातली, गर्दी नको आणि साहेब नकोत. तू फाटकावर दिसलास तर ती गाडीवरून उतरणार नाही, हे तिने मला स्पष्ट सांगितलंय. ती बोलली नाही तर दिग्विजय सर सुटतील, बालवाडीत दुसरी कुणी बाई येईल, आणि तुझं मात्र आणखी एकदा सोसून होईल. येऊ नकोस. मुलांना तूच थांबव, माझं ते ऐकणार नाहीत. मी सांगितलं असं सांगू नकोस, आणि रुपाली येणार आहे हे तर मुळीच नको. माझा बेत बदलला एवढंच सांग. ते तुला भित्रा म्हणतील, दिग्विजय सरांची माणसं हसतील, आणि तुला खरं कारण कुणालाही सांगता येणार नाही. शनिवारी तिथे पत्र्याखाली बसून तू एवढं सोस.

तुझीच,
दीपमाला