बारा तासांची बाटली

२ मार्च
पोचलो एकदाचे! सामान धड आलं, ठकी धड आली, मी मात्र अर्धीमुर्धी. इस्पितळामागच्या दोन खोल्या आता आमच्या. ठकीने दोन्ही खोल्यांतून धावत फेऱ्या मारल्या आणि जाहीर केलं की मोठी खोली तिची. सहा वर्षांच्या बाईसाहेबांपुढे आईचं काय चालणार! तिचे बाबा बोटीवर, आणखी चार महिने. तोवर घरात हिचंच राज्य.
मी नर्स म्हणून लागले तो मुलांचा वॉर्ड दहा खाटांचा, आठ रिकाम्या. डॉक्टरीणबाई साठीच्या, चष्मा डोक्यावर सरकवून तोच सगळीकडे शोधणाऱ्या. म्हणाल्या, सर्दीतापाची साथ नुकतीच ओसरली, आता तुम्हाला काम काय द्यायचं हाच प्रश्न. वॉर्डातल्या मावशी फरशी पुसताना बादलीशी भांडतात. माझं जमणार इथे.

८ मार्च
ठकीला सर्दी. साथीचं शेपूट अजून वळवळतंय म्हणायचं. ताप एकच दिवस आला, तोही नावाला. आज ती खिडकीच्या गजांना लोंबकळत होती.
खिडकी लागत नव्हती म्हणून सुतार आला. सोबत त्याची लेक, ठकीच्याच वर्गातली. तिची सर्दी गेल्या महिन्यात होऊन गेली. बिनआईची पोर आहे. सुतार तोंडातून चार शब्द काढेल तर शपथ, पण काम करताना दर थोड्या वेळाने मान वळवून लेकीला बघून घेतो.

१९ मार्च
सुतार लेकीला दोन्ही हातांवर घेऊन आला. पाच दिवस ताप. डोळे लालबुंद, ओठ फुटलेले, जीभ सोलल्यासारखी, पोटात अशी कळ की शस्त्रक्रियेचे डॉक्टर चिरायलाच निघाले होते. डॉक्टरीणबाईंनी अडवलं. एकच विचारलं, महिन्याभरात सर्दी झाली होती का?
नंतर मला समजावलं. विषाणू केव्हाच गेला. पण त्याच्याशी लढायला उठलेलं शरीर शांतच होत नाही. आपल्याच रक्तवाहिन्यांवर, आपल्याच हृदयावर तुटून पडतं. लाखात एखाद्या मुलाला होतं, म्हणाल्या.
संध्याकाळपर्यंत आणखी तीन मुलं आली.

२२ मार्च
सात खाटा भरल्या. औषध काचेच्या बाटलीतून, शिरेतून, थेंब थेंब. बारा तास. पाव-पाव तासाला नाडी बघायची. पण हृदय थकलेलं, पाणी अंगात साठतं, आणि औषध चालू असतानाच पोरं सुजतात. बाहेरून बघणाऱ्याला काय वाटेल?
सुताराची लेक सकाळी भ्रमात गेली. सुई उपटायला लागली, मी हात धरले तर माझ्या मनगटाचा लचकाच तोडला. मग एकदम शांत. नाडी नाही. मी छाती दाबायला लागले. तिसऱ्या-चौथ्या दाबाला तळव्याखाली बरगडी मोडली. आवाज आला. थांबायचं नसतं, थांबले नाही. वीस मिनिटं. दुसरीही मोडली.
गेली.
काचेपलीकडे सुतार होता. त्याने सगळं बघितलं. त्याने काचेत मूठ घातली, मग दुसरी. मी त्याच्या हातातल्या काचा काढल्या, बारा टाके घातले. तो तेवढा वेळ फक्त माझ्या तळव्यांकडे बघत होता.

२६ मार्च
गावभर एकच बोलणं: बाटली लावली की पोरं सुजतात, नर्स छाती फोडते. ट्रकवाल्याने त्याच्या मुलाच्या हातातली सुई ओढून काढली आणि त्याला उचलून नेलं. खाटेपासून फाटकापर्यंत रक्ताची रेघ. मी मागे धावत गेले, हातापाया पडले. त्याने मला ढकलून पायऱ्यांवर पाडलं.
मुलगा दुसऱ्या दिवशी घरीच दगावला. तोही आमच्याच नावावर.

३१ मार्च
डॉक्टरीणबाईंना मारलं. भर सकाळी, पायऱ्यांवर. चष्मा पायाखाली चुरडला, मग हात. मनगट उलटं वळलं होतं. लाथा घालणाऱ्यांत पाववाला होता, रोज सकाळी ठकीला हसून टाटा करणारा. पोलीस आले, लिहून घेतलं, गेले.
त्या हात गळ्यात बांधून वॉर्डात परतल्या. मी म्हटलं, बाई, तुम्ही घरी जा हो. म्हणाल्या, घरी माझं कोण सुजलंय?

३ एप्रिल
ठकीला ताप.
मी दिवस मोजले. परत मोजले. जीभ बघितली.
नुसती सर्दीच तर होती.

५ एप्रिल, सकाळ
डॉक्टरीणबाईंनी एका हाताने सुई लावली, ठकीचा हात मी धरला. बाटली पहाटे पाचला सुरू. संध्याकाळी पाचला संपेल. वॉर्डात चारच मुलं उरलीत, बाकीची नेली.
फाटकाशी माणसं जमतायत. पहारेकरी पळाला.

११ वाजता
फाटक पडलं. दाराला खाटा लावल्यात. मावशी पाठ टेकून बसल्यात, आज बादलीशीसुद्धा बोलत नाहीत. दगड. काचा छतापर्यंत उडतायत. मुलांना खाटांखाली घेतलं, बाटल्या हातांत धरून.
ठकी सुजलीय. पापण्या उघडत नाहीत. नाडी १६०. दोन वेळा नाडी बघण्याच्या मध्ये हे लिहितेय — लिहिलं की मोजणं चुकत नाही —

दीड
मागच्या दाराने कुणीतरी आत — औषधाच्या खोलीतून — सुतार. हातात हातोडा. सरळ ठकीच्या बाजूला —
मी बाटलीचा लोखंडी स्टँड घेतला. एकदा मारला असता तरी पुरे होतं. तो खाली पडल्यावरही मारत राहिले. मावशींनी मागून धरलं तेव्हा थांबले.
त्याच्या दुसऱ्या मुठीत खिळे होते. फरशीभर झाले. म्हणाला, "मागचं दार ठोकून घ्यायला आलो, ताई. तिकडूनच येतायत ते."
एवढंच. मग नाकातोंडातून —
डॉक्टरीणबाई त्याच्या छातीवर एका हाताने दाब देतायत. माझ्याकडे बघत नाहीत. मला ये म्हणत नाहीत.

अडीच
गेला.
ठकीचा ताप उतरतोय. नाडी ११०. डोळा किलकिला केला, आई पाणी म्हणाली. मी पाजलं — या हातांनी — पेल्यावर बोटं उमटली, लाल —
बाहेर त्याला हाका मारतायत. आत गेलेला बघितलाय त्यांनी. सुतार, अरे सुतार, बोल की रे —
मावशी दारापासून उठल्यात. माझ्यापासून लांब, भिंतीला टेकून उभ्या. मी खिळे गोळा करतेय. सात सापडले. हातोडा त्याच्या मुठीतून सुटत नाही, बोटं एकेक करून —
बाटलीत अजून दोन बोटं औषध. अडीच तास. फक्त अडीच —
मागची कडी हल —