यादीतली नावं

३ मार्च

प्रवीणशी आज तिसरं भांडण. माणूस नव्हे, खुंटा आहे!

स्टुडिओंनी जपायला दिलेले लग्नाबारशांचे व्हिडिओ आम्ही क्लाउडवर ठेवतो, त्यांची यादी आमच्या शिळफाट्याच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर. नाव, तारीख, स्टुडिओ, सगळं त्या यादीत आहे. तरी यादी मागितली की याने लिहिलेला प्रोग्राम क्लाउडवर जातो आणि एकेक फाइल उघडून बघतो — आहे ना जागेवर? आठ हजार फाइली! चहा पिऊन कप विसळून होतो तरी यादी येत नाही. कशाला हे, विचारलं. तर म्हणे, "असू दे गं. हात लागलेला बरा." सीनियर म्हणून नुसते नाकाने कांदे सोलतो.

६ मार्च

घरीही तोच छळ. आई रोज संध्याकाळी आमच्याच ॲपवर ताईच्या लग्नाचा व्हिडिओ लावते, बाबा नाचतात तेवढाच तुकडा. बाबा गेल्यापासून एक दिवस चुकला नाही. यादी येईपर्यंत बिचारी फोन धरून बसते. प्रवीणच्या हट्टापायी!

१२ मार्च

साहेबांच्या कानावर घालून केलंच. एकच सेटिंग — यादी फक्त यादीतून द्यायची, क्लाउडला हात लावायचा नाही. कोडमध्ये त्या ओळीच्या वर प्रवीणने टिपांचं पुराण लिहून ठेवलं होतं. न वाचता उडवलं.

यादी क्षणात हजर! प्रवीणचं तोंड एवढंसं झालं. मजा आली.

२० मार्च

प्रवीणने नोकरी सोडली. परवा साहेब त्याला तोंडावर "जुना माल" म्हणाले आणि मी हसले होते. ब्याद टळली.

२२ एप्रिल

सकाळी कर्जतच्या स्टुडिओचा फोन, व्हिडिओ लागत नाही. मग खालापूर. मग माथेरानच्या हॉटेलातलं लग्न. नावं यादीत आहेत, फाइलीच नाहीत!

प्रवीणची टीप कोडच्या जुन्या प्रतीतून शोधून वाचली. "क्लाउडचं भाडं वाचवायला, चाळीस दिवस हात न लागलेली फाइल आपोआप कायमची पुसायची, असा साहेबांचा नियम आहे. काढू देत नाहीत. म्हणून रोज सगळ्या उघडून बघतो."

काल चाळीस दिवस झाले.

बाबांचा व्हिडिओ शाबूत आहे. आई रोज बघते ना. गाढव मी! पण या खुंट्याला तोंडाने सांगता येत नव्हतं?

२३ एप्रिल

प्रवीणचा फोन. शिव्या खायच्या तयारीने उचलला. त्याने एवढंच विचारलं, "माझ्या आईच्या पंच्याहत्तरीचा व्हिडिओ हाय ना गं? ती गेल्यापासून बघवत नाय, म्हनून कधी लावला नाय."

"यादीत नाव आहे," मी म्हटलं.