बांधावरच्या माणसाचे डोळे

प्रिय दादा,

तुला पत्र लिहायची मला सवय नाही. तू हमरापूरला, मी रोह्याला; पोटात काही साठलं की मी सकाळची एसटी पकडून यायचे आणि तुझ्याशी भांडून संध्याकाळी परत जायचे. आता भांडायला तू सापडत नाहीस, म्हणून कागद काढलाय.

झालं असं. गेल्या आठवड्यात टीव्हीवाल्या कंपनीची एक बाई आपल्या गणपतीच्या कारखान्यात येऊन गेली. आपल्या 'बांधावरचा माणूस' मालिकेचं शेवटचं पर्व निघतंय म्हणे. त्यांना तू केलेला मातीचा माणूस हवाय. तोच, मूळचा, डोळे न आखलेला. संगणकावर त्याची नक्कल करायची, शेवटच्या भागात त्याला डोळे द्यायचे आणि तो कोण ते जगाला सांगायचं. बदल्यात अखेरीस तुझा फोटो आणि तुझं नाव, पडदाभर. आईने तिथल्या तिथे हो म्हटलं. पोराचं नाव टीव्हीवर येणार, एवढंच तिला ऐकू आलं. "शोभी येईल रविवारी, ती देईल काढून," असं सांगून तिने ते माझ्या गळ्यात घातलं, कारण तुझ्या पेटीला मी कुणाला हात लावू देत नाही हे तिला माहीत आहे.

काल रविवार होता. मी आले होते. काय झालं ते सांगतेच, पण आधी मला जी शिसारी आली आहे ती ओकू दे. तुझ्याशिवाय ती ऐकून घेणारं घरात कोणी नाही. ह्यांना सांगायला गेलं तर म्हणतात, कार्टूनच आहे ना ते?

कार्टून! आठवतं तुला, पहिलं पर्व आपण कसं केलं? गणपती गेल्यावर कारखाना रिकामा पडायचा आणि उरलेली शाडूची माती कोपऱ्यात वाळत असायची. तू वीतभर उंचीची माणसं केलीस. तू त्यांना केसभर हलवायचास, मी फोनचं बटण दाबायचे. गोदाकाकूने नुसतं मागे वळून बघायला आपल्याला अख्खी दुपार लागली होती. मान वळून झाली आणि तू म्हणालास, "आता चहा टाक, काकू दमली." बांधासाठी तू आईच्या माहेरच्या खारेपाटातून, खाडीलगतच्या शेतांतून, गोणीभर चिखल आणलास, कारण दुसरी माती वाळल्यावर तशी तडकत नाही. भरतीचा आवाज म्हणजे आई सुपात तांदूळ पाखडत होती. ऐकणाऱ्याला कळलं नाही, पण त्या आवाजाने अंगावर काटा यायचा.

आणि गोष्ट तरी किती साधी. उधाणाच्या भरतीला खाडीच्या बांधावर घोंगडीवाला एक माणूस उभा दिसतो. सकाळी गावातलं एक माणूस नाहीसं झालेलं असतं. आणि ज्या घरातलं माणूस जाई, त्या घरातलं घमेलंही जाई. आपण फोनवरून पाठवलेले भाग बघून लोक फोन करकरून विचारायचे, माणसाचं समजलं, घमेल्याचं काय? तू नुसता हसायचास. मलाही सांगितलं नाहीस, सख्ख्या बहिणीला! गोदाकाकूचा आवाज मी द्यायचा, रोह्याहून धापा टाकत मी यायचं, आणि शेवट मात्र तुझ्या पोटात.

त्या माणसाचे डोळे तू काढले नव्हतेस. आपल्या कारखान्याची रीतच ती. रंग कोणीही मारो, डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी आणि एकाच हाताने. मी विचारलं की तू म्हणायचास, "गोष्ट संपली की त्याची आखणी करीन." त्या कोऱ्या जागेकडे बघूनच लोक घाबरायचे. पेणच्या बाजारात पापड घेताना एका बाईने मला आवाजावरून ओळखलं आणि म्हणाली, तुमच्या त्या माणसापायी आमची सासू संध्याकाळी परसात जायची बंद झाली. केवढी मिरवले होते मी.

मग कंपनी आली, गोष्ट विकत घेऊन टीव्हीवर लावायला. इथे तुला चार शब्द ऐकावे लागतील, दादा. दुसऱ्या पर्वाची घसरण तुझ्या हातची आहे. त्यांना लवकर हवं होतं आणि तू मुंडकी साच्यातून काढायला लागलास. सरपंच आणि गोदाकाकू, दोघांचं नाक एकच! मी बोलले तर म्हणालास, लांबून कळत नाही. मला कळलं. तुलाही कळलं होतं, म्हणून तर तू तो भाग बघायला बसला नाहीस. आणि त्या घाईत कावीळ अंगावर काढलीस. डोळे पिवळे दिसतात म्हटलं तर रंगाचा हात लागला म्हणालास. त्याचा राग मला अजून आहे.

पण तुझ्या पश्चात जे झालं त्याच्यापुढे ते नाक म्हणजे देवाचं नाक होतं.

ह्यांची सेकंड शिफ्ट होती तेव्हा मी मुद्दाम सगळी पर्वं पुन्हा बघितली. पुतळा द्यायचा तर कुणाला देतोय ते तरी बघावं म्हटलं. तिसऱ्या पर्वात माती गेली आणि संगणक आला. माणसांची कातडी प्लास्टिकच्या बादलीसारखी गुळगुळीत. चिखलातून चालतात आणि पायाला चिखल लागत नाही. खाडीचं पाणी निळं! आपल्या खाडीचं पाणी निळं कुणी बघितलंय रे? बांधाशेजारी वाळू आली, वाळूवर छत्र्या आल्या, छत्रीखाली नारळपाणी पिणारे पाहुणे. माणसं नाहीशी होतायत आणि हे नारळपाणी पितायत.

माझा आवाज काढून टाकला. त्याचं वाईट वाटलं नाही असं खोटं कशाला बोलू? आपली गोदाकाकू "अगो पोरी, भरती लागली, दार लाव" असं म्हणायची. नवी गोदाकाकू बातम्या दिल्यासारखी सांगते, "कृपया आपण सर्वांनी घरातच थांबावे." मी टीव्हीसमोर हात जोडले तिला.

चौथ्यात बांधावर गाणं. नाहीशी झालेली माणसं मागे ओळीत नाचतात. एक बोलणारा खेकडा आहे, तो विनोद करतो आणि स्वतःच हसतो. आणि घमेल्याचा उलगडा केला, ऐक. घमेल्यांत हिरे होते! भाताच्या आणि वालाच्या शेतीवर जगणाऱ्या गावात घरोघरी घमेल्यात हिरे, आणि घरच्यांना पत्ता नाही. मी भाजी चिरत होते, विळी तशीच ठेवून उठले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं तरी कसं म्हणू? मारुतीला निदान चेहरा असतो.

पाचव्यात तो माणूस उडतो. डोळे नाहीत ते झाकायला त्याला काळा गॉगल घातलाय. गॉगल, दादा, घोंगडीवर! मग त्याचा जुळा भाऊ येतो, मग दोघांची आकाशात मारामारी. खालचं गाव, तो बांध, ती भरती, कुणाला कसली पर्वा नाही. भीती तर सोडच, मला त्या सगळ्याची किळस आली. तुझ्या हाताचं काहीतरी उचलून कुणीतरी थुंकी लावून पुसलंय असं वाटलं.

आणि आई? आई हे सगळं शेवटपर्यंत बघते. खेकडा बघते, गॉगल बघते. भाग संपला की बारीक अक्षरांत नावं सरसर वर सरकतात, तेव्हा ती उठून टीव्हीजवळ जाते आणि काचेवर बोट ठेवते. "ह्यात कुठं हाय गो?" मी म्हणते, पटकन गेलं. तिसऱ्या पर्वापासून तुझं नाव त्यात नाहीच, हे मी तिला सांगितलेलं नाही.

तर काल. मी पोचले तेव्हा आई कारखान्यात पाटावर बसून लहान मूर्तींना अंगाचा रंग देत होती. मी आल्या आल्या तोंड सोडलं. म्हटलं, "आई, त्याचं नाव त्या घाणीच्या शेवटाला लावणार ते लोक."

"घाण असंल," ती म्हणाली. "नाव तर त्याचंच ना गो?"

नाही म्हणायचं तर आईचा तो एक हट्ट मोडायचा, आणि हो म्हणायचं तर तुझा माणूस त्या खेकड्याच्या शेजारी उभा करायचा. शेवटी फळीवरची तुझी पेटी खाली घेतली. आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात तो गुंडाळलेला होता. कापड सोडलं आणि हात तिथेच थांबले.

त्याला डोळे होते.

"आई, ह्याचे डोळे कुणी काढले?"

"मीच. तेरावं झाल्यावर." तिने मान वर केली नाही. "एक आखणीवाचून राह्यला व्हता. तसा ठेवतात व्हय? माझ्या पोराचं काम अर्धं राह्यलं असतं."

आईला डोळे एकाच जातीचे येतात. बाबांनी शिकवलेले, गणपतीचे. अर्धे मिटलेले, शांत, समोरच्याचं सगळं पोटात घालणारे. ते तिने त्या हडकुळ्या घोंगडीवाल्याच्या तोंडावर काढले होते. डावा डोळा किंचित वर गेलाय, आता तिचा हात कापतो.

मी चिडले, दादा. आईवर ओरडले. "अगो आई, तो माणसं मारणारा होता! अख्खी गोष्ट त्याच्या डोळ्यांवर होती."

"कोण, ह्यो?" आई माझ्याकडे बघायला लागली, मलाच बरं नसल्यासारखं. "ह्यो बांधावर उभा नाय काय? उधाणाला बांधावर उभा असतो तो राखणीला असतो. माझा बाप उभा राह्यचा. बांधाला खांड पडली का बोंब मारायचा, मग सारा गाव घमेली घेऊन धावायचा, चिखल टाकाय. नायतर पानी शेतात."

घमेली.

मी तशीच शेजारच्या पाटावर बसले, माणूस मांडीवर घेऊन. म्हणजे कुणी कुणाला मारलंच नव्हतं. एकेक माणूस त्याची हाक ऐकून उठला, घरातलं घमेलं उचललं आणि बांधाच्या वळणापलीकडे खांड बुजवायला गेला. ती माणसं तिथे चिखलात उभी होती आणि गाव आपलं दारं लावून बसलं होतं, त्यालाच भिऊन. घमेलं तू पहिल्या भागापासून घातलंस, म्हणजे तुला शेवट माहीत होता. तू तो आजोबांवरून उचललास आणि आईशिवाय कुणाला कळणार नव्हता. मला सांगायला काय झालं होतं रे तुला?

मी त्या कंपनीच्या बाईला फोन लावला, आईलाही ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू करून. सांगितलं, पुतळ्याचे डोळे आखून झालेत. मला वाटलं, आता नको म्हणतील आणि सुटेन. ती गोड आवाजात म्हणाली, "काही प्रॉब्लेम नाही मॅडम. आम्ही पुसून टाकू."

आईचा हात रंगाच्या वाटीवर थांबला.

"पुसणार?"

आपल्या कारखान्यात एकदा आखणी झाली की ती पुसत नाहीत. गिऱ्हाईक फिरलं, मूर्ती भंगली तरी तिचं विसर्जन करतात, डोळे पुसत नाहीत. हे त्या बाईला कुठून ठाऊक असणार? आईने पाटावरून हात टेकत उठून माणूस माझ्या मांडीवरून घेतला, त्याच कापडात गुंडाळला आणि कडेवर धरला. "सांग तिला, नाय म्हणून."

मी सांगितलं. फोन ठेवला. मग मलाच राहवलं नाही. "आणि नाव गो, आई?"

ती जाऊन पुन्हा रंग द्यायला बसली, माणूस शेजारी ठेवून. मला तिच्याकडे बघवेना.

म्हणून हे पत्र, दादा, आणि त्यात हा शब्द. यंदा गणपती गेले की मी येते. सुट्टी, शिफ्ट, ह्यांचे डबे, सगळं ह्यांचं हे बघतील. चिखल मी आणीन, त्याच गावचा. तू नाहीस तर माणसं आई हलवील, कापऱ्या हाताने हलली तर हलली. बटण माझ्याकडे आणि गोदाकाकूही माझीच. शेवटचा एकच भाग करायचा. तो कंपनीच्या पडद्यावर नको, फोनवरही पाठवायचा नाही. देवळासमोर पांढरं कापड बांधून गावाला दाखवायचा. कंपनीने नोटीस पाठवली तर पाठवू दे, त्यावर पापड वाळवीन मी.

अखेरीस तुझं नाव. ते आई लिहील, आखणीच्याच कुंचल्याने. आणि ते वर सरकणार नाही. ती कापडाजवळ जाईल, बोट ठेवील, एकेक अक्षर लावून वाचील. तिचं वाचून होईपर्यंत मी दिवा बंद करणार नाही.

तुझ्याशी अजून भांडण न मिटलेली,
शोभी