कॅमेऱ्यातला आवाज

मंगळवार, रात्र. फरीदाबाद

आज शेजारचे त्यागीजी चहाला आले. तेही फौजेतले. ही गेल्यापासून माझ्याकडे म्हणून आलेला तो पहिला माणूस. जुन्या पलटणीच्या गोष्टी निघाल्या, मी चक्क हसत होतो. तेवढ्यात माझ्या खोलीच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्यातून सचिनचा आवाज आला. पोरगा मानेसरच्या ऑफिसातून बघत होता.

"बाबा, इनको अंदर क्यों लिया? मना किया था ना?"

हिंदीत बोलला. त्यांना कळावं म्हणूनच ना?

त्यागीजींनी अर्धा चहा तसाच ठेवला. "फिर कभी," म्हणाले आणि गेले. त्यांचा कप मी अजून उचललेला नाही. का, सांगता येत नाही.

सचिन घरी आल्यावर म्हणालो, "तो कॅमेरा काढ. कपडेसुद्धा मी बाथरूममध्ये जाऊन बदलतो."

"तुमच्या सेफ्टीसाठीच आहे, बाबा."

"मग मी गावी जाऊन राहतो."

गावचं घर विकूनच हा फ्लॅट घेतला, त्याच्या नावावर. तो चिडला नाही. बुटाची लेस सोडत शांतपणे म्हणाला, "गावी कुठल्या घरात, बाबा?"

सूनबाईंनी ताटं वाढली. मी जेवायला बसलो.