जुईच्या वेलीतली माफी

३ मार्च, सकाळी ९
नातेवाइकांच्या मेलिंग लिस्टला नवं सॉफ्टवेअर बसवलं. चौतीस सभासद, मॉडरेटर मी. आता मेलमध्ये रंग, फोटो, चौकटी, काय हवं ते. साध्या टेक्स्टचे दिवस संपले.
पहिली सजवलेली मेल ताईसाठी. तिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला येते म्हणाले आणि मी गेले नाही. लिस्टचा सर्व्हर नेमका त्याच दिवशी बंद पडला, त्याला मी काय करणार? पाच महिने ताई बोललेली नाही. सगळ्यांदेखत माफी मागितली की विरघळेल.

४ मार्च
हे म्हणाले, अगं, सरळ फोन कर की, दोन मिनिटांचं काम. यांना डिझाइनमधलं काही कळत नाही.

७ मार्च
पार्श्वभूमी फिकट निळी. ताईचा आवडता रंग. मजकूर राहिलाय. फॉन्ट ठरत नाहीये.

११ मार्च
फॉन्टमध्ये भावच नाहीत. शेवटी हाताने लिहिलं, भोवती जुईची वेल काढली, स्कॅन केलं. अख्खी माफी म्हणजे एक चित्र. मलाच रडू आलं. धाडली.

१२ मार्च
ताईचं उत्तर नाही. भारावली असणार.

१४ मार्च
अजून भारावलेलीच.

१५ मार्च, दुपारी
भाचीचा फोन. मावशी, आईला लिस्टवरून काढायचंच होतं तर तोंडाने सांगायचंस, म्हणाली. ऑपरेशनचा उपयोग झाला नाही म्हणे. मेल आता कॉम्प्युटर वाचून दाखवतो, आणि त्याला फक्त साधं टेक्स्ट वाचता येतं. माझ्या मेलमध्ये त्याला एकच ओळ सापडली, सॉफ्टवेअरने स्वतःहून तळाशी चिकटवलेली: 'ही यादी सोडण्यासाठी येथे क्लिक करा.' ताईने ती तीनदा ऐकली. मग बटण दाबलं.
डोळ्यांचं मला कसं कळणार? पाच महिन्यांत कोणी सांगितलं नाही.
ताईला फोन दे म्हटलं. झोपलीय, म्हणाली. मागून ताईचा आवाज येत होता.

१६ मार्च
वेल नको, रंग नको. लिस्ट पुन्हा साध्या टेक्स्टवर आणली. लिहिलं: 'चुकलं माझं. माफ कर.' लगेच धाडली. मग आठवलं, ताई आता लिस्टवर नाही.

१७ मार्च
मोठे काका लिहितात, माफ केलं, पण तू माझं केलंस तरी काय? मामी म्हणते, जाऊ दे गं, होतं असं.
आतापर्यंत एकोणीस जणांनी माफ केलंय.